चार नंबरची गाडी सुरू झाल्याची नोंद

त्या दिवशी सकाळी सात वाजता रुग्ण ने-आण विभागाची चार नंबरची गाडी सुरू झाली नाही, आणि सव्वासात वाजता ती सुरू झाल्याची नोंद विभागाने तीन ठिकाणी रवाना केली. दोन्ही गोष्टी रिवाजाप्रमाणेच घडल्या. त्यात कोणाचाही दोष नव्हता, हे चौकशी होण्याआधीच सिद्ध झालेलं होतं.

थंडी मात्र जबर होती. आवारातल्या नळाला रात्रीतून काचेचं बोट फुटलं होतं. पत्र्याच्या शेडवर बसलेली कबुतरं पिसं फुगवून एकमेकांच्या अंगात शिरली होती, आणि चार नंबरच्या काचेवर दहिवराची अशी पांढरी साय धरली होती की गाडीलाच मोतीबिंदू झालाय असं वाटावं. गाडीचे चालक हळूभाऊ ती साय पोस्टकार्डाच्या कडेने खरवडत होते. हे त्यांचं खरं नाव नव्हे. पण आत रुग्ण असला की ते खड्ड्याचीसुद्धा आधी परवानगी मागतात आणि मग तो ओलांडतात, म्हणून सगळे त्यांना हळूभाऊ म्हणत, आणि आताशा पगारपत्रकावरही तेच नाव येऊ लागलं होतं.

त्यांनी चावी फिरवली. गाडी टक म्हणाली. पुन्हा फिरवली. टक टक. इंजिन काही घुमेना. हळूभाऊंनी स्टिअरिंगवर हात ठेवला आणि लेकीला उठवावं तसं हलकेच गुणगुणले,

ऊठ गं माझ्या बाई, उन्हं आली भिंतीवर
वाट बघे मावशी, पिशवी तिच्या मांडीवर

गाडीने ऐकून घेतलं आणि पुन्हा टक म्हणाली.

मावशी खरोखरच वाट बघत होती. गावाच्या दुसऱ्या टोकाला, तीन पायऱ्यांच्या घरात राहणारी ही शिवणकाम करणारी बाई. अर्ध्या गावाच्या अंगावर तिचे टाके होते. हळूभाऊंचा हा खाकी कोटही तिनेच शिवलेला. गेल्या दोन वर्षांत तिच्या डाव्या डोळ्यावर पडदा चढला, उजव्यात थोडा उजेड उरला, आणि मशीनवर घडी केलेली चादर पडली. डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरीणबाई पुलापलीकडच्या इस्पितळात वर्षातून दोनच दिवस येत. आज त्यातला एक होता. मावशीची पाळी अकराची. एक वाजता डॉक्टरीणबाई परत जायच्या, त्यानंतर थेट सहा महिन्यांनी. तोवर उजव्यातला उजेडही विझेल असं गेल्या खेपेला त्यांनीच सांगितलं होतं. घरून इस्पितळापर्यंत मावशीला एकटीने जाता येत नव्हतं, आणि तिला आणायला नेमलेली सरकारी गाडी ही एकच होती. ती टक म्हणत होती.

फिटर आला. हात काखेत, तोंडातून वाफ. त्याने बॉनेट उघडलं, बॅटरीच्या टर्मिनलवर चढलेली पांढरी बुरशी बोटाने दाखवली आणि गरम पाण्याची किटली मागवली. टर्मिनल धुतली, घासली, आवळली. पुन्हा टक. मग त्याने हॉर्न वाजवून पाहिला. हॉर्न असा काही क्षीण कण्हला की फिटरने बॉनेटवर हात ठेवून मान हलवली. बॅटरी उतरलीय, तो म्हणाला. गारठ्यात उतरतेच. दुसऱ्या गाडीवरून जंपर केबल लावली तर दहा मिनिटांचं काम. केबल भांडारात आहे, आणि भांडाराची किल्ली नोंदबाईंकडे.

नोंदबाई म्हणजे नोंदणी विभागाच्या मुख्य कारकून. कडक बाई, पण अक्षर मोत्यासारखं. आणि सगळा घोटाळा त्या अक्षरातूनच सुरू झाला होता.

चार वर्षांपूर्वी वरून एक तपासनीस आले होते. त्यांनी प्रातःतपासणी पत्रक पाहिलं. रोज सकाळी गाडी सुरू करून चालक, फिटर आणि नोंदबाई या तिघांनी त्यावर सही करायची असते. तपासनिसांना त्यात बाकी काही आक्षेपार्ह दिसलं नाही. फक्त त्यांनी शेरा मारला की सकाळच्या घाईत लिहिलेलं अक्षर अत्यंत गचाळ असून विभागाच्या प्रतिष्ठेस शोभणारं नाही. त्या शेऱ्यावर तीन बैठका झाल्या. उपाय असा निघाला की पत्रक घाईत लिहायचंच नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेला दुपारी, चहा झाल्यावर, नीट टेबलाशी बसून पूर्ण महिन्याचं पत्रक सावकाश, वळणदार अक्षरात भरून टाकायचं. तेव्हापासून विभागाला अक्षरासाठी दोनदा ढाल मिळाली होती.

त्यामुळे आजच्या तारखेपुढे बारा दिवसांपूर्वीच लिहिलेलं होतं: इंजिन पहिल्याच प्रयत्नात सुरू झाले. आवाज समाधानकारक. प्रस्थान साडेसात. इस्पितळात आगमन आठ चाळीस. रुग्णाची मनःस्थिती प्रसन्न. खाली तीन सह्या. त्यातली पहिली हळूभाऊंची होती, आणि ती करताना त्यांनी अगदी शेवटच्या वेलांटीपर्यंत मन लावलं होतं.

हळूभाऊंनी आवारातूनच फोन लावला. नोंदबाईंनी उचलला, आवाज ओळखला आणि घड्याळाकडे बघितलं असावं.

"भाऊ, आठ वाजलेत. तुम्ही आत्ता मोठ्या पुलावर असणार. गाडी चालवताना फोनवर बोलताय?"

हळूभाऊ म्हणाले की ते पुलावर नाहीत, आवारात आहेत.

"असंच म्हणतात सगळे," नोंदबाई म्हणाल्या. "आत पेशंट असतो, भाऊ. जबाबदारी ओळखा." आणि त्यांच्याच सुरक्षिततेसाठी फोन ठेवून दिला.

मग हळूभाऊ दोन जिने चढून स्वतःच त्यांच्या टेबलापुढे उभे राहिले. खोलीत हीटर होता, फायली होत्या, खिडकीत एक रोपटं होतं आणि त्याच्या कुंडीवरही नोंद क्रमांक होता. नोंदबाईंनी चष्म्यातून वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा खरोखरच उतरला.

"तुम्ही इथे," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तर मग गाडी कोण चालवतंय?"

कोणीच नाही, असं हळूभाऊंनी सांगितल्यावर त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या. सुरू असलेली गाडी, आत म्हातारी बाई, आणि चालक जागेवर नाही. त्यांच्या एकवीस वर्षांच्या नोकरीत असा हलगर्जीपणा त्यांनी पाहिला नव्हता. हळूभाऊ परोपरीने सांगत राहिले की गाडी बंद आहे, बंद म्हणूनच चालक नाही, आणि बंद म्हणूनच केबल हवी. नोंदबाईंनी शांतपणे भांडाराचा नियम वाचून दाखवला. केबल फक्त सुरू न होणाऱ्या गाडीसाठी देता येते. गाडी सुरू होत नाही असा दाखला ज्या तिघांनी द्यायचा, त्याच तिघांनी ती आज पहिल्याच प्रयत्नात सुरू झाल्याचं लिहून दिलं आहे.

"त्यात एक सही तुमचीच आहे की नाही?"

हळूभाऊंनी मान खाली घातली. सही त्यांचीच होती, आणि सुरेख होती.

"मग तुमच्यावर विश्वास ठेवू की तुमच्या सहीवर?" नोंदबाई म्हणाल्या. त्यात कुजकेपणा नव्हता. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं.

निघताना त्यांनी हळूभाऊंच्या हातात एक कागद ठेवला. सुरू इंजिन सोडून निघून गेल्याबद्दल खुलासा मागवणारी नोटीस होती ती. इंजिन विनाकारण चालू ठेवून धूर केल्याबद्दलची दुसरी टंकलेखनाला गेली होती.

साहेबांची केबिन वरच्या मजल्यावर. साहेब मनाने मऊ. त्यांनी हळूभाऊंना बसवलं, चहा मागवला, मावशीची चौकशी केली, स्वतःच्या आत्याच्या मोतीबिंदूची हकिगत सांगितली आणि डोळे पुसले. मग म्हणाले की नोंद खोडणं हा मार्ग नव्हे, कारण एक दिवस खोडला तर लोक विचारतील बाकीचे दिवस कसे बरोबर, आणि ते प्रकरण कुठवर जाईल सांगता येत नाही. त्यापेक्षा बॅटरी शेकायचा हीटर द्यावा का, असा त्यांनी विचार केला. पण तो थंडीच्या मोसमातच वापरता येतो, आणि थंडी सुरू झाल्याचं परिपत्रक अजून निघालेलं नव्हतं. मसुदा तयार होता. त्यावर सही करणारे अधिकारी कडाक्याच्या गारठ्याने आजारी रजेवर होते.

"नोंद बरोबरच असते, भाऊ," साहेब त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "कधीकधी वस्तुस्थिती जरा मागे पडते. तिला थोडा वेळ द्या."

हळूभाऊ खाली आले तेव्हा पावणेदहा झाले होते. चार नंबरपाशी पहारेकरी गुडघ्यावर बसला होता आणि पुढच्या चाकाला पिवळं कुलूप घालत होता.

हळूभाऊंनी विचारलं हे काय चाललंय. पहारेकऱ्याने खिशातून सकाळची प्रत काढून दाखवली. विभागाची चार नंबरची गाडी साडेसातला फाटकाबाहेर गेली. म्हणजे ही जी कोणती उभी आहे ती बाहेरची. आणि बाहेरची गाडी आवारात लावायला बंदी आहे.

"अरे बाबा, ही आपलीच आहे. नंबर बघ की."

"नंबर मी बघितला," पहारेकरी गंभीरपणे म्हणाला. "आपल्या गाडीचाच नंबर घालून आणलीय. म्हणून तर साधं कुलूप न घालता पिवळं घातलं."

फिटर हे सगळं टायरच्या थप्पीवर बसून बघत होता. तो उठला, विडी विझवून कानावर खोचली आणि शेडमागून आपली जुनी स्कूटर बाहेर काढली. रंग उडालेली, एका बाजूला कललेली, सीट सुतळीने बांधलेली. ती सुरू झाल्याची नोंद कोणी कुठे केलेली नव्हती. त्यामुळेच असेल, ती पहिल्या लाथेला सुरू झाली.

"घेऊन जा," फिटर म्हणाला. "ब्रेक पायाने लावावा लागतो. म्हणजे, रस्त्यावर पाय घासून."

मावशी सात वाजल्यापासून पायरीवर बसलेली. डोक्याला लोकरी रुमाल, मांडीवर पिशवी, पिशवीत एक लुगडं, एक कंगवा आणि इस्पितळाची चिठ्ठी. स्कूटरचा आवाज ऐकून तिने मान वळवली. गाडीऐवजी हे काय, असं तिने विचारलं नाही. उशीर झाला म्हणून रागावलीही नाही. हळूभाऊंच्या बाहीला हात लावून तिने कापड चाचपलं आणि म्हणाली, "कोपर फाटलाय. आण एकदा." मग ती मागे बसली. हळूभाऊंनी वाटेत सगळी हकिगत सांगितली. वारा कानात भणभणत होता, त्यामुळे तिला निम्मी ऐकू आली. पण निम्म्यातही तिला पुरेसं समजलं.

"म्हणजे मी पोचलेय तर," ती म्हणाली.

"आठ चाळीसला. प्रसन्न होतात तुम्ही."

"बरं झालं बाई. मला उगाच काळजी लागली होती."

बारा वाजून दहा मिनिटांनी ते इस्पितळात शिरले. खिडकीतल्या सिस्टरने नाव विचारलं, वही उघडली आणि हसून सांगितलं की या बाई सकाळीच आल्या, साडेअकराला त्यांचं डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, यशस्वी झालं, आणि आता त्या सहा नंबरच्या खाटेवर विश्रांती घेत आहेत. भेटायची वेळ चारनंतर.

हळूभाऊंनी सिस्टरला सहा नंबरच्या खाटेपर्यंत नेलं. खाट रिकामी होती. चादर कडक, उशी फुगलेली, पायथ्याशी तक्ता: तक्रार नाही, भूक चांगली. सिस्टरने कौतुकाने तक्ता बघितला. खाटेवर पेशंट नसणं तिला फारसं खटकलं नाही, कारण विश्रांती घेणारे पेशंट हिंडतातच. मग तिने हळूच कबूल केलं की तो अक्षराचा शेरा मारणारा तपासनीस इथेही येऊन गेला होता. आठवड्याच्या ऑपरेशनांची वही ते सोमवारीच भरतात. पण त्याला आता तीन वर्षं झाली, आणि आजवर कोणी तक्रार केलेली नव्हती.

डॉक्टरीणबाई मात्र आत रिकाम्या बसल्या होत्या. हात धुऊन, मास्क गळ्यात, पुढ्यात गार झालेला चहा. अकराच्या बाई आल्या नाहीत म्हणून त्यांनी दोनदा विचारलं होतं, आणि दोन्ही वेळा त्यांना सांगण्यात आलं होतं की तुम्ही त्यांचं ऑपरेशन केलंत, छान झालं. मी केलं असेल तर माझ्या लक्षात राहील, असं त्या म्हणाल्या होत्या. पण दिवसाला चौदा डोळे होतात, त्यामुळे त्यांनाही ठामपणे सांगता येईना.

मावशीला बघून त्या उठल्या. डाव्या डोळ्यावर बॅटरी धरली. पडदा जागच्या जागी होता, दह्यासारखा घट्ट.

"करते मी," त्या म्हणाल्या. "वीस मिनिटांचं काम आहे."

सिस्टर अडवून उभी राहिली. झालेल्या डोळ्याचं ऑपरेशन पुन्हा करता येत नाही, त्याला सामान निघत नाही, भिंग द्यायला भांडारवाला दोन वेळा एकाच डोळ्यावर सही घेत नाही. घड्याळात साडेबारा झाले होते. हळूभाऊंनी हात जोडले, मग सिस्टरच्या आईची शपथ घातली, मग रडवेल्या आवाजात सांगितलं की आजची वेळ गेली तर सहा महिन्यांनी या बाईला दोन्ही डोळ्यांनी अंधारच दिसेल. सिस्टरचेही डोळे भरून आले. पण वही वहीच होती.

तेव्हा मावशी बोलली. इतका वेळ ती भिंतीला टेकून, पिशवी छातीशी धरून उभी होती.

"माझा उजवा झालाय का गं?"

सिस्टरने वही चाळली. उजवा झालेला नव्हता.

"मग आज उजवा करा."

"पण मावशी, उजव्यात अजून दिसतंय तुम्हाला," हळूभाऊ म्हणाले.

"अरे कागदावर उजवा," मावशी म्हणाली. "टेबलावर डावा. कपडा उलटा धरला म्हणून बाही बदलते होय? आतून शिवा नाहीतर बाहेरून, टाका पडला म्हणजे झालं."

डॉक्टरीणबाईंनी आधी छताकडे बघितलं, मग सिस्टरकडे. सिस्टरने पेनाचं टोपण काढलं आणि मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: उजवा. फक्त एवढंच विचारलं की पुढे खरा उजवा करायची वेळ आली तर काय, दोन्ही झालेले दिसतील.

"त्याला अवकाश आहे," मावशी टेबलाकडे जात म्हणाली. "तोवर तुझ्या शाईलाच मोतीबिंदू होईल."

एक वाजायला दहा मिनिटं कमी असताना डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले. हळूभाऊ बाहेरच्या बाकावर बसले होते. त्यांच्या हातात सहा कागद दिले गेले होते, आणि सगळ्यांवर त्यांनी नातेवाईक म्हणून सह्या केल्या होत्या. कुठे भाऊ, कुठे पुतण्या, एका ठिकाणी घाईत पत्नी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सुटली. मावशीने आधी खिडकी बघितली, मग खिडकीबाहेरचं झाड, मग त्या झाडाचं एकेक पान. मग हळूभाऊंचा चेहरा बघून ती बराच वेळ हसली. दोन वर्षांत तू इतका काळा पडला असशील असं वाटलं नव्हतं, म्हणाली. हळूभाऊंनाही हसू आवरेना. हसताहसता त्यांनी डोळे पुसले.

मग ती दोघं घरी सोडायच्या खिडकीपाशी आली. मागे वीस-बावीस माणसांची रांग, प्रत्येकाला काहीतरी घाई. कारकुनाने काचेखालून एक छापील कागद सरकवला, बोटाने जागा दाखवली आणि म्हणाला, इथे सही.

मावशीने कागद उचलला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. दोन वर्षांनी तिच्यापुढे अक्षरं आली होती. काळीभोर, स्वच्छ, एकमेकांपासून सुटी. ती वाचू लागली. ओठ हलवत, एकेक शब्दावर बोट ठेवत, मशीनवर टीप घालावी तशी सरळ ओळीत. कलम एक. कलम दोन. तिसऱ्या कलमापाशी थांबून तिने कारकुनाला विचारलं की इथे आणताना मला गाडीत ब्लँकेट दिलं असं लिहिलंय, ते ब्लँकेट कुठे आहे. कारकुनाला माहीत नव्हतं. त्या कागदाच्या खिडकीवर तो नऊ वर्षं बसत होता, आणि तिसरं कलम त्यानेही कधी वाचलेलं नव्हतं.

मावशी पुढे वाचू लागली. एकूण कलमं एकतीस होती.

रांगेत चुळबूळ सुरू झाली. कोणी घड्याळ बघितलं, कोणी घसा खाकरला, कोणी पायाने ताल धरला. सहाव्या कलमाशी एकजण मोठ्याने उसासला. हळूभाऊंनी मागे वळून लोकांकडे ओशाळवाणं पाहिलं आणि मावशीच्या कानाशी वाकून हलकेच म्हणाले, "मावशी, करून टाका की सही. हे कोण वाचत बसतं?"

मावशीने नव्या डोळ्याने त्यांच्याकडे पाहिलं. मान वळवून तिने त्यांच्यामागची रांग पाहिली, एकेक चेहरा, सावकाश, शेवटच्या माणसापर्यंत. सगळे एका तालात माना डोलवत होते.

आणि ती सातव्या कलमाकडे वळली, तेव्हा खरं सांगा, एकतीस म्हटल्यावर तुमच्याही मनात आलंच ना, की ही बाई आता सही करेल तर बरं.